५६७ आणि ५६७ : झेनचा पेपर, आणि माझं हळू चालणारं व्हर्च्युअल मशीन



दिवाळीत मांजरसुंब्याला घरी गेले होते. गल्लीतला एक पोरगा भेटायला आला. एम.एस्सी. झालीय, आता पेटची तयारी करतोय. म्हणाला, "ताई, पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मी ॲबस्ट्रॅक्ट वाचतो, कन्क्लुजन वाचतो. मधलं सगळं डोक्यावरून जातं."

मी त्याला म्हटलं, मधलंच वाचायचं असतं. पण हे बोलताना मलाच थोडी लाज वाटली. कारण दीड वर्षापूर्वी मीही तेच करत होते, आणि त्यापायी माझ्या थिसिसचं एक अख्खं प्रकरण बाद झालं. तो किस्सा आज सांगते. त्याच्या निमित्ताने एका गाजलेल्या पेपरचं परीक्षणही करू. विषय आहे व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर हळू का चालतो हा. तुम्ही फिजिक्सचे असा, केमिस्ट्रीचे असा की स्टॅटिस्टिक्सचे, आज ना उद्या तुमचं गणित कुठल्यातरी सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनवर चालणार आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी चूक

माझं काम सिम्युलेशनचं. एकच गणना दोन पद्धतींनी करायची आणि कोणती लवकर संपते ते दाखवायचं. विभागाच्या सर्व्हरवर मला एक व्हर्च्युअल मशीन मिळालं होतं, आठ व्हीसीपीयूचं. व्हीसीपीयू म्हणजे मशीनला दाखवलेला प्रोसेसर. तो खराखुरा नसतो. खाली असलेल्या खऱ्या कोअरवर हायपरवायझर त्याला आळीपाळीने बसवतो.

जुन्या पद्धतीचे रन मी सेमिस्टर चालू असताना, दिवसा घेतले. नव्या पद्धतीचे रन सुट्टीत घेतले. नवी पद्धत साधारण एक तृतीयांश वेळ वाचवते असं दिसलं. मी खूश. प्रकरण लिहून काढलं. सगळं व्हर्च्युअल मशीनवर केलंय, मग त्याचा परिणाम आकड्यांवर झाला नाही कशावरून, हा प्रश्न कोणीतरी विचारणार हे माहीत होतं. म्हणून एक वाक्य टाकलं की व्हर्च्युअलायझेशनमुळे प्रोसेसरच्या वेगावर होणारा परिणाम नगण्य असतो, आणि त्याला एक संदर्भ जोडला. २००३ सालचा झेनचा पेपर. हजारो लोक त्याचा दाखला देतात, मीही दिला.

आरएसीच्या बैठकीत एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "या पेपरात नेमकं काय मोजलंय?"

मला सांगता आलं नाही. मी ॲबस्ट्रॅक्ट वाचलं होतं आणि एक आलेख बघितला होता. मग माझे गाइड म्हणाले, "जुनी पद्धत सुट्टीत परत चालवून बघितलीस का?" नव्हती बघितली. पुढच्या सुट्टीत चालवली, तर जुनी पद्धतही तितकीच पळाली. मी दोन पद्धतींमधला फरक मोजलाच नव्हता. गर्दीचा सर्व्हर आणि रिकामा सर्व्हर यांच्यातला फरक मोजला होता.

त्यानंतर मी तो पेपर खरोखर वाचला. चार वेळा.

पेपर काय सांगतो

पेपरचं नाव ‘झेन अँड द आर्ट ऑफ व्हर्च्युअलायझेशन’. पॉल बरहॅम आणि सहकारी, केंब्रिज विद्यापीठाची कॉम्प्युटर लॅबोरेटरी. ऑक्टोबर २००३ मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या क्षेत्रातल्या एसओएसपी या मोठ्या परिषदेत तो आला.

पार्श्वभूमी थोडक्यात. एका मशीनवर अनेक मशीनं चालवणं ही आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६० च्या दशकापासूनची गोष्ट. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी एखादा प्रोसेसर व्हर्च्युअलायझेशनला योग्य आहे की नाही याची अट मांडली. साध्या भाषेत, मशीनच्या स्थितीला हात लावणारी प्रत्येक आज्ञा गेस्ट ओएसने दिली की ती अडकली पाहिजे आणि हायपरवायझरच्या हातात आली पाहिजे. आपल्या डेस्कटॉपमध्ये असतो तो एक्स-८६ प्रोसेसर या अटीत बसत नव्हता. काही आज्ञा अडकायच्याच नाहीत, गुपचूप वेगळंच काम करून पुढे जायच्या. व्हीएमवेअरने यावर उपाय म्हणून चालता चालता कोडचं भाषांतर केलं. झेनवाल्यांनी वेगळा रस्ता धरला. गेस्ट ओएसलाच थोडं बदलायचं, म्हणजे ती अवघड आज्ञा न देता सरळ हायपरवायझरला विनंती करेल. याला पॅराव्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

आता निकाल. सर्व्हर डेलचा २६५०, दोन झिऑन प्रोसेसर, २.४ गिगाहर्ट्झ, दोन जीबी रॅम. चार गोष्टींची तुलना: थेट लिनक्स, झेनवरचं लिनक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि यूजर मोड लिनक्स.

पहिली चाचणी स्पेक इंट २०००. थेट लिनक्सचा गुण ५६७, झेनवर ५६७, व्हीएमवेअरवर ५५४, यूजर मोड लिनक्सवर ५५०. दुसरी चाचणी लिनक्सचं कर्नल बिल्ड करण्याची. थेट लिनक्सला २६३ सेकंद, झेनला २७१, व्हीएमवेअरला ३३४, यूजर मोड लिनक्सला ५३५.

तो ५६७ आणि ५६७ चा आकडा बघूनच मी माझं वाक्य लिहिलं होतं.

या पेपरचं चांगलं काय

टीका करण्याआधी हे सांगायलाच हवं, कारण तुमच्यापैकी अनेकांना परीक्षण म्हणजे चुका काढणं असं वाटतं.

एक, लेखकांनी मांडणी उघडी ठेवली. मशीन कोणतं, डिस्क कोणती, लिनक्सची आवृत्ती कोणती, हे सगळं लिहिलंय. प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग होतं पण ते बंद ठेवलं, आणि का बंद ठेवलं तेही लिहिलंय: तेव्हाच्या कुठल्याच कर्नलचा शेड्युलर ते ओळखणारा नव्हता.

दोन, जिथे तुलना अपुरी आहे तिथे ती कबूल केलीय. व्हीएमवेअरचं सर्व्हरसाठीचं उत्पादन ईएसएक्स त्यांच्या वर्कस्टेशनपेक्षा वेगवान होतं. पण त्याच्या परवान्याच्या अटींमुळे आकडे छापता येत नाहीत, असं लेखक स्पष्ट सांगतात. म्हणजे व्हीएमवेअरचे ३३४ सेकंद हे त्या कंपनीच्या सगळ्यात चांगल्या मालाचे नाहीत. पेपरातला आलेख उचलून स्लाइडवर टाकणाऱ्यांच्या हातून ही ओळ हमखास गळते.

तीन, गर्दीचाही विचार केलाय. एका सर्व्हरवर १२८ डोमेन चालवून बघितलीत. प्रत्येकाला एका वेळी ५ मिलिसेकंद द्यायचे की ५० हेही तपासलंय. पाळी लांब ठेवली की एकूण काम जास्त होतं, पण प्रत्येकाला वाट जास्त बघावी लागते. पाळी छोटी ठेवली की उत्तर लवकर येतं, पण अदलाबदलीत काही टक्के काम वाया जातं. ही किंमत त्यांनी लपवली नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या भागात होतं. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

आता आक्षेप

पहिला आक्षेप त्या ५६७ वरच. स्पेक इंट ही चाचणी जवळजवळ पूर्ण वेळ साधी गणिती आज्ञा चालवते. ऑपरेटिंग सिस्टीमला ती क्वचित हाक मारते. अशा आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात, हायपरवायझर मधे येतच नाही. म्हणून ५६७ ला ५६७ येणं हे झेनच्या करामतीचं माप नाहीच. यूजर मोड लिनक्ससारखी बिल्डमध्ये दुप्पट वेळ घेणारी रचनासुद्धा इथे ५५० वर आहे, यावरूनच कळतं की ही चाचणी चौघांना वेगळं करण्यात कमजोर आहे. झेनची खरी कमाई कर्नल बिल्डच्या आणि डेटाबेसच्या चाचण्यांत दिसते. पेपरने पहिल्या आकड्याला पहिला मान दिला. वाचणारे तिथेच थांबले. दोष थोडा मांडणीचा आहे, बराचसा आपला.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. चाचण्यांमध्ये जेव्हा मशीनवर एकच गेस्ट होता तेव्हा प्रोसेसरसाठी भांडण नव्हतं. भांडण नसेल तर व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर हळू नसतोच. विभागातल्या सर्व्हरवर मात्र भांडणच असतं. ३२ कोअरवर १०० व्हीसीपीयू वाटलेले असतात, कारण सगळे एकदम कामाला लागणार नाहीत असा अंदाज असतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. परीक्षा, ॲडमिशन, रिझल्ट अशा दिवशी तो चुकतो. "सर्व्हर स्लो आहे, संध्याकाळी या" हे वाक्य आपल्या चौकातल्या कुठल्याही फॉर्म भरण्याच्या दुकानात तुम्ही ऐकलंय. त्यामागे दर वेळी हेच कारण असतं असं नाही, पण हेही असू शकतं.

इथे रांगेचं गणित कामाला येतं. सगळ्यात साधं मॉडेल घ्या: एक सेवक, येणारे लोक कधीही येतात. सेवक ५० टक्के वेळ कामात असेल, तर एका कामाला सरासरी मूळ वेळेच्या दुप्पट लागतो. ८० टक्के असेल तर पाचपट. ९० टक्के असेल तर दहापट. सेवक अनेक असले की हे आकडे सौम्य होतात, पण आकार तोच राहतो. म्हणून होस्टवर "सीपीयू ९० टक्के, अजून १० टक्के शिल्लक" असं दिसतं, त्याच वेळी आतला माणूस वैतागलेला असतो. दोघंही खरं बोलत असतात.

तिसरा आक्षेप: त्या वेळच्या झेनमध्ये एका गेस्टला एकच व्हीसीपीयू मिळत होता. म्हणजे अनेक व्हीसीपीयूंच्या मशीनचा प्रश्न पेपरात येणंच शक्य नव्हतं. आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती. मशीन हळू चालतंय म्हणून मी सिस्टीम ॲडमिन सरांकडे गेले आणि आठाचे सोळा व्हीसीपीयू मागून घेतले. मशीन आणखी हळू झालं!

का झालं, हे आमच्या चौकात उभं राहिलं की समजतं. मांजरसुंब्याच्या चौकातून बीड, केज, पाटोदा, चौसाळा अशा चारी बाजूंना रस्ते फुटतात. केजला जाणाऱ्या जीपमध्ये एकट्या माणसाला पटकन जागा मिळते, कोपऱ्यात का होईना. पण चौघांचं कुटुंब असेल आणि "आम्ही एकाच जीपने जाणार" असा हट्ट असेल, तर दोन जीप सोडून द्याव्या लागतात. सोळा जणांचं वऱ्हाड असेल तर विचारूच नका. अनेक व्हीसीपीयूंचं मशीन हे असं कुटुंब असतं. त्याचे व्हीसीपीयू एकमेकांची वाट बघत काम करतात. एक पुढे गेला आणि दुसरा कोअर न मिळाल्यामुळे मागे राहिला, तर पुढचा कुलूप उघडायची वाट बघत नुसता फिरत बसतो.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्स २ मध्ये हा हट्ट कडक होता: सगळे व्हीसीपीयू एकदम बसले पाहिजेत. ईएसएक्स ३ पासून तो सैल झाला. फार पुढे गेलेल्याला थांबवायचं, बाकीच्यांना जागा मिळेल तसं बसवायचं. या थांबवण्याच्या वेळेला तिथे को-स्टॉप म्हणतात. सैल झाला तरी हट्ट संपलेला नाही. गर्दीच्या होस्टवर गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू घेणं हे आजही स्वतःच्या पायावर धोंडा मारणं आहे.

चौथा आक्षेप काळाचा आहे, त्याबद्दल लेखकांना दोष देता येत नाही. आजचा सर्व्हर २००३ चा नाही. हायपरथ्रेडिंग आज बहुतेक ठिकाणी चालू असतं. एका कोअरचे दोन थ्रेड दिसतात, पण ताकद दुप्पट होत नाही. तुमच्या शेजारच्या थ्रेडवर कोण बसलंय यावर तुमचा वेग ठरतो. प्रोसेसरची फ्रिक्वेन्सीही स्थिर नसते. कामाप्रमाणे, तापमानाप्रमाणे आणि बायोसमधल्या पॉवर सेटिंगप्रमाणे ती वर-खाली होते. कोअर रिकामा असला की झोपतो, आणि सर्वात गाढ झोपेतून उठायला काही प्रोसेसरना शंभर मायक्रोसेकंदांच्या वर लागतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. त्यांच्या बंदोबस्ताचे पॅच आले, आणि कर्नलमध्ये वारंवार ये-जा करणारी कामं त्यामुळे मंदावली. उलट बाजूला, २००५-०६ पासून इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली, त्यामुळे झेनचा मूळ युक्तिवादच काहीसा जुना झाला. म्हणजे २००३ चा निष्कर्ष आजच्या सर्व्हरवर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. माझ्या विभागातला हायपरवायझर तर झेनही नव्हता! तरी मी संदर्भ दिला होता.

मग हळू मशीनचं निदान कसं करायचं

या आक्षेपांतूनच तपासणीचा क्रम निघतो. मी नंतर ज्या क्रमाने गेले तो सांगते.

पहिलं, आतल्या मीटरवर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही. व्हर्च्युअल मशीनच्या आत ‘टॉप’ कमांड चालवलीत की सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ असा आकडा दिसतो. तो स्टील टाइम. तुमचं मशीन काम करायला तयार होतं, पण हायपरवायझरने कोअर दुसऱ्याला दिला होता, तो हा वेळ. हा आकडा सतत शून्याच्या वर असेल तर रांग आहे. पण शून्य असेल तर रांग नाही असं म्हणता येत नाही, कारण प्रत्येक हायपरवायझर आणि प्रत्येक आवृत्ती हा आकडा आत पोचवतेच असं नाही. तो पोचला नाही तर गंमत होते. हिरावलेला वेळ गेस्ट ओएस त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामच्या नावावर टाकते. म्हणजे तुमच्या प्रोग्रामने खर्च न केलेला सीपीयू टाइम त्याच्या खात्यावर दिसतो. "मी घड्याळाचा वेळ घेत नाही, सीपीयू टाइम घेते, म्हणून मी सुरक्षित आहे" असं मला वाटायचं. तो भ्रम होता.

दुसरं, बाहेरून मोजायचं. यासाठी ॲडमिनची मदत लागते, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. व्हीएमवेअरमध्ये रेडी टाइम बघायचा. त्याचा हिशोब बरेच जण चुकवतात. चालू आलेखात तो २० सेकंदांमागे किती मिलिसेकंद असा येतो. समजा चार व्हीसीपीयूच्या मशीनला ४००० दाखवतोय. २० सेकंद म्हणजे २०,००० मिलिसेकंद, म्हणजे २० टक्के. पण ही चारही व्हीसीपीयूंची बेरीज आहे. एकाच्या वाट्याला ५ टक्के. ॲडमिन मंडळींचा ठोकताळा असा की एका व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांपर्यंत चालून जातं, त्यापुढे लक्ष घालावं. केव्हीएम असेल तर होस्टवर त्या मशीनच्या प्रत्येक व्हीसीपीयू थ्रेडची स्केडस्टॅट फाइल बघायची. तिच्यातला दुसरा आकडा रांगेत घालवलेला वेळ असतो, नॅनोसेकंदांत.

तिसरं, रांग नसेल आणि तरी मशीन हळू असेल, तर कोणी मर्यादा घातलीय का ते बघा. जुन्या टेम्प्लेटवरून मशीन बनवलं की त्यात कधीकाळी घातलेली मेगाहर्ट्झची मर्यादा तशीच येते आणि कोणाच्या लक्षात राहत नाही.

चौथं, फ्रिक्वेन्सी. होस्टवर टर्बोस्टॅट चालवा किंवा चालवायला सांगा. २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर कामात असतानाही त्याच्या खूप खाली रेंगाळत असेल, तर बायोसचं पॉवर प्रोफाइल वीज वाचवण्यावर आहे का ते विचारा. आमच्याकडे हेही निघालं.

पाचवं, मेमरी. मोठ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसर सॉकेटला आपली जवळची मेमरी असते, याला न्यूमा म्हणतात. तुमचं मशीन एका सॉकेटमध्ये मावत नसेल तर ते दोन सॉकेटवर पसरतं, आणि लांबच्या मेमरीकडे जाण्यात वेळ जातो. सीपीयू १०० टक्के दिसतो, पण तो बराचसा मेमरीची वाट बघत असतो.

आणि व्हीसीपीयू वाढवणं? ते सगळ्यात शेवटी, तेही आतले सगळे व्हीसीपीयू खरंच भरलेले असतील आणि रांग नसेल तरच. मी उलट केलं होतं. नंतर सोळाचे सहा करून घेतले. रन लवकर संपायला लागले.

पेपरला खरा न्याय कोणी दिला

झेनच्या पेपरचं मला आवडलेलं सगळ्यात चांगलं परीक्षण परीक्षणाच्या रूपात नाहीच. २००४ मध्ये यूसेनिक्सच्या परिषदेत अमेरिकेतल्या क्लार्कसन विद्यापीठातल्या सात जणांनी एक पेपर वाचला. नाव मूळ नावाच्या चालीवर, ‘झेन अँड द आर्ट ऑफ रिपीटेड रिसर्च’. त्यांनी केंब्रिजवाल्यांचे प्रयोग स्वतः पुन्हा केले. शिवाय मूळ पेपरने न विचारलेले प्रश्न विचारले: महागडा सर्व्हर नसेल, जुना साधा पीसी असेल तर झेन चालेल का? आयबीएमच्या मेनफ्रेमशी तुलना केली तर काय दिसतं? मूळ निकाल त्यांना पुन्हा मिळाले. त्यांचा मुख्य मुद्दा असा की सॉफ्टवेअर खुलं होतं म्हणूनच हे पडताळून बघता आलं.

इथे ईएसएक्सच्या परवान्याची ती ओळ आठवा. ज्या मालाचे आकडे छापायलाच बंदी, त्याची पडताळणी कोण करणार? झेनच्या पेपरमध्ये मला चार आक्षेप काढता आले, कारण लेखकांनी मला त्यासाठी लागणारं सगळं दिलं होतं.

आणि हा प्रश्न फक्त व्हर्च्युअल मशीनचाही नाही. २००९ मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खऱ्या मशीनवरही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा आकार बदलला किंवा फाइली लिंक करायचा क्रम बदलला, तरी प्रोग्रामचा वेग बदलतो. इतका, की ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं हा निष्कर्षच फिरू शकतो. त्यांनी १३३ पेपर तपासले. प्रयोगाचे आकडे देणाऱ्यांपैकी एकानेही या पक्षपाताचा पुरेसा विचार केलेला त्यांना आढळला नाही. म्हणजे मी एकटी नव्हते. पण त्यामुळे माझं प्रकरण वाचलं असंही नाही.

तुम्ही काय करायचं

पीएच.डी.ला लागण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

संदर्भ देण्याआधी त्या पेपरचा प्रयोगाचा भाग वाचा आणि वहीत चार ओळी लिहा: कोणत्या मशीनवर, काय मोजलं, काय बंद ठेवलं, कशाशी तुलना केली नाही. या चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर संदर्भ देऊ नका.

दोन पद्धतींची तुलना करताना रन आलटून पालटून घ्या. जुनी, नवी, जुनी, नवी. एकीचे सगळे दिवसा आणि दुसरीचे सगळे रात्री असं कधीही करू नका. प्रत्येक रनसोबत तारीख, वेळ आणि स्टील टाइम नोंदवा. सरासरीसोबत पसाराही छापा. शक्य असेल तर वेळेचे अंतिम आकडे व्हर्च्युअल मशीनवर घेऊच नका, पूर्ण मशीन दोन दिवस मागून घ्या.

माझं पुढे काय झालं? रन आलटून पालटून घेतले. दोन पद्धतींमधला फरक इतका कमी निघाला की तो मोजमापाच्या पसाऱ्यातच मावतो. नवी पद्धत वेगवान आहे हा दावा मी मागे घेतला. त्या प्रकरणात आता दोन पद्धतींच्या अचूकतेची तुलना आहे, वेगाची नाही. झेनचा संदर्भ अजून आहे. फक्त त्याच्या आधीचं वाक्य बदललंय: एकच गेस्ट असताना, हायपरथ्रेडिंग बंद असताना, मुख्यतः गणिती कामासाठी. वाक्य लांबलं, पण आता कोणी विचारलं तर मला उत्तर देता येतं.

त्या पोराला मी हाच पेपर वाचायला दिलाय. सांगितलंय की कन्क्लुजन आत्ता वाचू नकोस. आधी चाचण्यांच्या मशीनचं वर्णन वाच, मग मला फोन कर. त्याचा फोन आला की पुढचा लेख लिहीन.